व्हिडिओ कॉलवर माल दाखवताना

२०२० च्या कोविडकाळापासून परगावचे अनेक घाऊक ग्राहक व्हिडिओ कॉलवरच माल पसंत करतात. तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी काही गोष्टी सांभाळाव्यात.

खिडकीकडे पाठ करून बसू नये. कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. खिडकीकडे तोंड करावे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवावा, बोलताना भिंगाकडे पाहावे.

कापड दिवसाच्या उजेडातच दाखवावे. पिवळ्या दिव्याखाली रंग फिरतो. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा. तो पिवळट दिसला, तर कापडाचा रंगही खरा दिसत नाही, हे ग्राहकाला कळते. विणीतला दोष असल्यास तोही जवळून दाखवावा.

रंगाचा शब्द मात्र नमुन्याचा तुकडा पाठवूनच द्यावा. माल परत येण्यापेक्षा कुरिअरचा खर्च परवडतो.