साहसी मोटरसायकल आणि सुट्या भागांची खतावणी

व्यापारी घरात एखादे यंत्र विकत घ्यायचे ठरले, की वडीलधारी मंडळी किमतीच्या आधी एक प्रश्न विचारतात : "याचे सामान मिळेल का?" वजनकाटा असो, मालाची ने-आण करणारा टेम्पो असो वा डाळमिलची मोटर असो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज सौदा पुढे सरकत नाही. घरातील तरुणाने मोटरसायकल घेतली, तर मात्र हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या नित्याच्या गाडीपुरते ते चालून जाते, कारण तिचे सामान प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत मिळते. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्ही ठिकाणी चालणारी, लांबच्या प्रवासासाठी घडवलेली साहसी मोटरसायकल घरी येते, तेव्हा तोच जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

या जातीच्या गाड्यांचा वंश तसा जुना नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये 'आर ८० जी/एस' ही गाडी बाजारात आणली. त्या नावातील 'जी' हे अक्षर रानवाटेचे आणि 'एस' हे सडकेचे. लगेच १९८१ मध्ये तिने पॅरिस-डाकार ही वाळवंटातील शर्यत जिंकली आणि एकाच गाडीने दोन्ही कामे करता येतात, ही कल्पना जगभर रुजली. भारतात ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला बराच काळ जावा लागला. २०११ साली हीरो कंपनीने 'इम्पल्स' ही दीडशे सीसीची गाडी काढली. तिला अपेक्षेइतके ग्राहक लाभले नाहीत व काही वर्षांतच ती बंद झाली. त्यानंतर २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची 'हिमालयन' आली आणि या प्रकाराला आपल्याकडे खऱ्या अर्थाने बाजार मिळाला.

या दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की सुट्या भागांचे सारे गणित उलगडते. इम्पल्सचे इंजिन त्याच कंपनीच्या रस्त्यावर धावणाऱ्या दीडशे सीसी गाड्यांच्या वंशातले होते. म्हणून गाडी बंद झाल्यानंतरही तिच्या इंजिनाचे पुष्कळसे सामान दुसऱ्या गाड्यांच्या नावाने बाजारात मिळत राहिले. अडचण आली ती बाहेरच्या अंगाची. उंच मडगार्ड, टाकीच्या बाजूचे प्लॅस्टिक आणि लांब शॉकअब्सॉर्बर हे तिचे एकटीचे होते. ज्या वस्तूला दुसरे गिऱ्हाईक नाही, ती दुकानदार किती दिवस फळीवर ठेवणार?

हिमालयनची कथा निराळी आहे. तिचे ४११ सीसीचे इंजिन नव्यानेच घडवलेले होते. बोअर ७८ मिलिमीटर, स्ट्रोक ८६ मिलिमीटर, शक्ती सुमारे साडेचोवीस पीएस, गिअर पाच. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, टाकी पंधरा लिटरची. बुलेट किंवा क्लासिकचे सामान तिच्या इंजिनाला चालत नाही. आणि नाव एकच असले, तरी ही गाडी प्रत्यक्षात एक नाही, हे सामान शोधायला निघाल्यावरच लक्षात येते. २०१६ची पहिली गाडी कार्बोरेटरची होती. २०१७ मध्ये बीएस ४ नियमांबरोबर इंधन इंजेक्शन आले, २०१८ मध्ये एबीएस, २०२० मध्ये बीएस ६. म्हणजे दुकानात जाऊन केवळ "हिमालयनची अमुक वस्तू द्या" असे म्हणणे, हे कापडाच्या पेढीवर जाऊन नुसते "साडी द्या" म्हणण्यासारखे होय.

२०२३च्या अखेरीस ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी हिमालयन आली आणि ४११ची हिमालयन बंद झाली. नव्या गाडीचे इंजिन जुन्याशी नाते सांगत नाही. मात्र जुन्या इंजिनाचा वंश तेथेच खुंटला असेही नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'स्क्रॅम ४११'मध्ये तेच इंजिन होते. पुढे २०२५ मध्ये आलेल्या 'स्क्रॅम ४४०'चे इंजिन जुन्या इंजिनाचाच बोअर तीन मिलिमीटरने वाढवून तयार केले आहे. मालकाच्या दृष्टीने ही दिलासा देणारी बाब आहे, कारण भावंडे हयात असली की सामानाचा ओघ एकदम आटत नाही. तथापि दिसायला सारखा आहे म्हणून एखादा भाग बसेलच, असे गृहीत धरू नये. पार्ट नंबर जुळला पाहिजे.

हा पार्ट नंबर म्हणजेच या व्यवहाराची किल्ली आहे. प्रत्येक कंपनी आपल्या गाडीचे भागांचे पुस्तक काढते. त्यात इंजिन, चाक, हँडल अशा प्रत्येक जोडणीचे सुटे करून दाखवलेले चित्र असते आणि चित्रातील प्रत्येक वॉशरलाही क्रमांक असतो. काही वर्षांनी कंपनी एखाद्या भागात सुधारणा करते आणि जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक देते. जुना क्रमांक सांगितला, तर "तो बंद झाला" असे उत्तर मिळते आणि मालक निराश होऊन परततो. खरे तर वस्तू नव्या क्रमांकाने गोदामात पडलेली असते. म्हणून आरसी पुस्तकातील चेसिस क्रमांक सोबत न्यावा आणि त्यावरून आपल्या गाडीला लागू असणारा आजचा क्रमांक काढून घ्यावा. ज्यांची हयात खतावणीत गेली, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. गाडीसाठी एक स्वतंत्र वही घालावी, तीत तारीख, किलोमीटर, भागाचा क्रमांक, किंमत आणि दुकान एवढेच लिहावे. दोन वर्षांत ती वही कोणत्याही मेकॅनिकच्या आठवणीपेक्षा भरवशाची ठरते.

काही वस्तू अशा आहेत, की त्यांच्यासाठी गाडीच्या दुकानाची पायरी चढायचीही गरज नाही. बेअरिंग हे त्याचे उत्तम उदाहरण. साध्या बॉल बेअरिंगवर जगभर एकच अर्थ असणारा क्रमांक कोरलेला असतो. ६२०४ असा आकडा असेल, तर शेवटच्या ०४ला पाचाने गुणायचे, आतले भोक वीस मिलिमीटरचे. (०३ला मात्र हा हिशेब लागत नाही, ते भोक सतरा मिलिमीटरचे.) आकड्यापुढे '२आरएस' असेल, तर दोन्ही बाजूंना रबराचे झाकण आहे असे समजावे. ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीच्या चाकाला तेच हवे. जुने बेअरिंग काढून त्यावरचा आकडा वाचला, की पाण्याच्या मोटारींना बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानातही ते चांगल्या कंपनीचे मिळते. ऑइल सीलचेही तसेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी ही तीन मापे त्यावरच लिहिलेली असतात.

नट-बोल्टच्या बाबतीत मात्र अशी मोकळीक घेऊ नये. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ते त्याच्या ताकदीचे. ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचा, पण नरम पोलादाचा बोल्ट आणून बसवणे म्हणजे काही रुपये वाचवून जीव टांगणीला लावणे होय. तेलाचेही तसेच. या गाडीला १५डब्ल्यू-५० प्रतीचे, 'जासो एमए' असा उल्लेख असलेले तेल लागते. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घरच्या मोटारीसाठी आणलेले शिल्लक तेल त्यात ओतले, तर क्लच घसरू लागण्याचा संभव असतो.

सामान कोठे शोधावे? पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग आणि काश्मिरी गेट, बंगळुरूत जे. सी. रोड या जुन्या बाजारपेठा आजही उपयोगी पडतात. तेथील पिढ्यान् पिढ्यांच्या पेढ्यांवर बसणाऱ्या माणसांना कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, हे पुस्तक न उघडता सांगता येते. लहान शहरांत मात्र मालकांची तक्रार असते, की दुकानदार सामान ठेवत नाहीत. ही तक्रार करणाऱ्याने क्षणभर गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूस बसून पाहावे. फिल्टर, ब्रेकपॅड, क्लचवायर हा चालता माल आहे. लावला की महिन्याभरात निघतो. परंतु टाकी, हेडलाइटची चौकट किंवा होकायंत्र असलेला हिमालयनचा मीटर हा माल तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा तरी विकला जाईल याची खात्री कोण देणार? त्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज मोजले, तर दुकानदाराचा नकार हा आळस नसून हिशेब आहे, हे पटते. यावर एक तोडगा आहे. एका गावातील पाच-सहा मालकांनी आपली मागणी एकत्र करून, आगाऊ रक्कम देऊन एकाच दुकानामार्फत माल मागवावा. दुकानदाराचा धोका टळतो, मालकांचा वाहतूक खर्च वाटला जातो. आणि क्रमांकावरून वस्तू शोधून देणारा दुकानदार अशी ख्याती एकदा झाली, की आसपासच्या चार तालुक्यांतून गिऱ्हाईक येऊ लागते. तरुण पिढीने घरच्या स्पेअर पार्टच्या धंद्यात ही वाट धरून पाहण्याजोगी आहे.

बनावट मालाविषयी व्यापाऱ्यांना अधिक काय सांगावे! पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल, तर वस्तू हातात घेण्याचेही कारण नाही. भंगारातून जुना भाग घेतानाही बिल मागावे, विशेषतः इंजिनाच्या बाबतीत. इंजिन बदलले, तर नवा क्रमांक आरटीओत नोंदवावा लागतो, आणि बिल नसलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर घरची अब्रू चव्हाट्यावर येते.

आता पैशाचा विचार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. पूर्वी उपकर धरून तो ३१ टक्के पडत असे. त्याच दिवसापासून सुट्या भागांवरील कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. म्हणजे नवी मोठी गाडी घेणे कराच्या दृष्टीने महागले आणि जुनी नीट राखणे स्वस्त झाले. हे पाहता हातची ४११ विकून नव्या गाडीमागे धावण्यापूर्वी एकदा वही उघडावी. (गाडी मुलाच्या सहलीची आणि बिल पेढीच्या नावाचे, त्यावर कराचे क्रेडिट घेऊ, असा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो तेथेच सोडावा. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ते मिळत नाही.)

सामानाचा खरा कस लागतो तो घरापासून दूर. ताम्हिणी वा वरंध घाटात पावसाळ्यात क्लचवायर तुटली, तर फार तर अर्धा दिवस जातो. मनालीहून लेहकडे जाताना सरचू किंवा पांग येथे तंबूत चहा आणि भात मिळतो, क्लचवायर मिळत नाही. गंमत अशी, की खुद्द मनाली आणि लेह येथे भाड्याने फिरणाऱ्या हिमालयन इतक्या आहेत, की तिचे सामान तेथे मिळण्याची शक्यता आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अधिक असते. प्रश्न मधल्या वाटेचा आहे. अनुभवी प्रवासी नवी क्लचवायर जुन्या वायरीच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवतात. जुनी तुटली, की दोन्ही टोके जोडायची एवढेच काम उरते. पंक्चरची बाब आणखी महत्त्वाची. या गाडीच्या चाकांना तारा आहेत, त्यामुळे आत ट्यूब असते. सतरा-अठरा इंची ट्यूब वाटेवरच्या टायरवाल्याकडे मिळून जाते, पण एकवीस इंची ट्यूब क्वचितच. म्हणून जागा कमी असेल, तर एकवीस इंचीच ट्यूब सोबत घ्यावी. वेळप्रसंगी ती मागच्या चाकातही घालून पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येते. सतरा इंची ट्यूब पुढे ताणून बसवणे मात्र धोक्याचे.

जुनी गाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनी मधल्या स्टँडवर उभी करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवून पाहावे. मध्येच अडल्यासारखे झाले, तर हँडलचे बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. चेन बदलावी लागणार असेल, तर दोन्ही स्प्रॉकेट तिच्यासोबत बदलण्याचा खर्च धरावा. कार्बोरेटरची २०१६ची गाडी घ्यावी की इंजेक्शनची, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कार्बोरेटर खेड्यातला मेकॅनिकही उघडून साफ करतो, पण उंचीवर तो कुरकुरतो. इंजेक्शनची गाडी उंचीवर स्वतःच जुळवून घेते, परंतु तिचा पेट्रोलपंप किंवा संगणक बिघडला, तर रस्त्यावर दुरुस्ती नाही, भागच बदलावा लागतो. सह्याद्री आणि कोकणापुरते फिरणाऱ्याने पहिलीचा विचार जरूर करावा. हिमालयाची स्वप्ने पाहणाऱ्याने दुसरीच घ्यावी.

दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. म्हणजे २०१६ची पहिली हिमालयन २०३१ पर्यंत आणि २०२३ची शेवटची २०३८ पर्यंत तरी रस्त्यावर असण्यास पात्र आहे. एवढ्या वर्षांत मीटर, वायरिंगचा संच आणि पेट्रोलपंप हेच भाग प्रथम दुर्मीळ होण्याची शक्यता, कारण ते दुसऱ्या कोणत्या गाडीतून उसने घेता येत नाहीत. गाडी दीर्घकाळ ठेवण्याचा निश्चय असेल, तर आज गोदामात उपलब्ध असताना यांपैकी एक-दोन भाग घेऊन, बिलासह, कोरड्या जागी ठेवून द्यावेत. बाकी सामान लागेल तसे आणले तरी चालेल.