विकरे सांगतात शुष्क जंगलातील मातीचे आरोग्य

सागाला, धावड्याला किंवा मोहाला कोणी खत घालत नाही. तरीही विदर्भातील शुष्क पानझडी जंगल दरवर्षी पालवते. गळलेल्या पानांतील अन्नद्रव्ये मातीत मोकळी होऊन पुन्हा झाडाला मिळतात. हे काम मातीतील जिवाणू, बुरशी आणि मुळे तयार करत असलेली विकरे (एन्झाइम) करतात. विकरांची सक्रियता मोजली, की मातीत हे चक्र किती जोमाने चालू आहे ते कळते.

सेंद्रिय कर्ब पुरेसा का नाही?

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून 12 घटक असतात. विकरे त्यात नाहीत. सेंद्रिय कर्बात दिसण्याजोगा फरक पडायला काही वर्षे लागतात. विकरांची सक्रियता मात्र एक-दोन हंगामांतच बदलते. त्यामुळे जमिनीची घसरण किंवा सुधारणा लवकर लक्षात येते.

महत्त्वाची विकरे

- डिहायड्रोजिनेज : फक्त जिवंत पेशींत काम करते. म्हणून सूक्ष्मजीवांच्या एकूण हालचालीचा अंदाज देते.
- बीटा-ग्लुकोसिडेज : पालापाचोळ्यातील सेल्युलोज कुजण्याच्या शेवटच्या टप्प्यात ग्लुकोज मोकळे करते.
- फॉस्फेटेज : सेंद्रिय स्फुरद पिकाला घेता येईल अशा रूपात आणते.
- युरिएज : युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते.

एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. उदाहरणार्थ, उपलब्ध स्फुरद कमी असेल तर सूक्ष्मजीव आणि मुळे फॉस्फेटेज जास्त सोडतात. म्हणजे येथे मोठा आकडा कमतरतेचीही खूण असू शकतो.

वणव्याने काय होते?

मोहफुले वेचणे सोपे व्हावे किंवा तेंदूला नवी पाने फुटावीत म्हणून मार्च ते मे दरम्यान जंगलात आग लावली जाते. विकरे ही प्रथिने असल्याने जास्त उष्णतेने निकामी होतात. वरच्या काही सेंटिमीटर थरात, म्हणजे जिथे ती सर्वाधिक असतात तिथेच, नुकसान होते. पालापाचोळा जळाल्याने सूक्ष्मजीवांचे खाद्यही जाते आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. त्याऐवजी मोहाखालची जागा झाडून घ्यावी किंवा जुनी साडी, जाळी अंथरून फुले गोळा करावीत.

नमुना कसा घ्यावा?

1. वन विभागाची परवानगी किंवा सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभेची संमती घ्या.
2. वरचा पाला बाजूला करून 0 ते 15 सें.मी. थरातील माती 8-10 ठिकाणांहून घेऊन एकत्र करा.
3. जंगल, बांध आणि शेत यांचे नमुने एकाच प्रकारच्या जमिनीतून, एकाच दिवशी घ्या. मुरमाड माती काळ्या मातीशी ताडून पाहू नका.
4. डिहायड्रोजिनेजसाठी माती वाळवू नका. ओलसर नमुना बर्फाच्या डब्यातून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा.
5. दरवर्षी त्याच महिन्यात नमुना घ्या. उन्हाळ्यात कोरड्या मातीत सक्रियता कमीच असते. पावसाळ्यात ती वाढते. मे आणि ऑगस्टचे आकडे एकमेकांशी जुळवले तर फसगत होते.

प्रयोगशाळा दूर असेल तर

पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे जुलैमध्ये जंगलात आणि शेतात 10 सें.मी. खोल पुरा. प्रत्येक ठिकाणी किमान तीन तुकडे ठेवा आणि खुंटी रोवून खूण करा. सहा ते आठ आठवड्यांनी काढून पाहा. सुती कापड म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. जिथे ते जाळीदार झाले, तिथे सेल्युलोज कुजवणारी विकरे जोरात आहेत. जिथे ते धडधाकट निघाले, तिथे मातीतील हालचाल मंद आहे. हे मोजमाप नाही, पण दोन जागांतला फरक डोळ्यांना दिसतो.

शेतासाठी धडा

जंगलाच्या मातीचा आकडा हे शेताचे उद्दिष्ट नव्हे. तो त्या भागातील जमिनीची क्षमता दाखवतो. दरी मोठी असेल तर धसकटे जाळणे थांबवा, पिकांचे अवशेष आच्छादन म्हणून वापरा, कुजलेले शेणखत द्या आणि नांगरट कमी करा. दोन हंगामांनी तेच कापड पुन्हा पुरून पाहा.