नाव सर्वांच्या ओठी, माणूस मात्र विस्मरणात

गणपतीचा मांडव असो, लग्नाची वरात असो की ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, एक गाणे हटकून वाजतेच. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटात भल्यामोठ्या अंड्यातून सुटाबुटातला अमिताभ बाहेर पडतो आणि आपले नाव सांगतो, तेच हे गाणे. सावंतवाडी-कोल्हापूरपासून थेट भोपाळच्या सोनागिरीतल्या मराठी घरांपर्यंत लहान पोरेही ते नाव घेऊन नाचतात. मात्र अँथनी गोन्साल्विस नावाचा एक खराखुरा संगीतकार होऊन गेला आणि त्याने एक मोठे स्वप्न पाहिले होते, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

चित्रपटातल्या नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांनी त्या जागी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचे नाव सुचवले. शिष्याने वाहिलेली ही गुरुदक्षिणाच म्हणायची.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचा. कोकण रेल्वेने मडगावला जाताना हे लहानसे स्टेशन लागते. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाला शिकवत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे खेड्यातली मुलेही कागदावरचे संगीत वाचून वाजवू शकत. युरोपातले जुने चर्चसंगीत अनेक सुरावटी एकाच वेळी गुंफणारे असते. एक आवाज पुढे जातो, दुसरा त्याला उत्तर देतो, तिसरा खालून आधार देतो. हा संस्कार घेऊन हा मुलगा १९४३ साली मुंबईला आला आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागला.

त्या काळी हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा गोव्याच्या वादकांनी तोलून धरला होता. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. मग कुठे व्हायोलिन घ्यायचे, कुठे ट्रम्पेट, गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये काय वाजवायचे, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी लिहून काढणारा वेगळा असे. त्याला 'अरेंजर' म्हणत. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली काही नावे. गोन्साल्विस याच मांडीचे. पण रेकॉर्डच्या चकतीवर संगीतकार आणि गायक यांचीच नावे छापली जात. ध्वनिमुद्रण झाले की लिहिलेल्या कागदांची कोणाला फिकीर नसे. कित्येक अजरामर गाण्यांची मूळ स्वरपत्रे अशीच हरवली.

गोन्साल्विस यांना मात्र स्टुडिओतल्या रोजंदारीपलीकडचे काही हवे होते. मुंबईत आल्यावर ते रागदारीच्या प्रेमात पडले. आपला राग एकाच सुरावटीने फुलतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक सुरावटी एकत्र नांदतात. मग रागाचे रूप न मोडता शंभर वाद्यांनी तो वाजवता येईल का? या प्रश्नाने त्यांना झपाटले. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. शंभरावर वादक जमवले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला होते लता मंगेशकर आणि मन्ना डे! 'सोनातिना इंडियाना', 'कॉन्सर्टो इन राग सारंग' अशा त्यांच्या रचनांच्या नावांतच दोन्ही घराण्यांची सोयरीक दिसते.

पण एवढा मोठा ताफा चालवायचा म्हणजे तालमीची जागा हवी, वादकांचे मानधन हवे आणि पाठीशी दाता हवा. चित्रपटाला ते परवडे, कारण तिकीटबारी होती. रागाच्या सिम्फनीला तिकीटबारी कुठली? हा वाद्यवृंद काही टिकला नाही. मुंबईच्या एनसीपीएमध्ये आजचा 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला तो २००६ साली, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी.

१९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते माजोर्ड्याच्या घरी. चित्रपटसृष्टीकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिले नाही. त्यांचे नाव देशभर लाऊडस्पीकरवरून गाजत होते आणि ते स्वतः गावात शांतपणे राहत होते. एका पिढीला तर हे नाव काल्पनिकच वाटत होते.

उतारवयात काहींनी त्यांची दखल घेतली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी त्यांच्यावर लिहिले. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटसृष्टीतल्या वादकांवरच्या आपल्या पुस्तकासाठी त्यांना बोलते केले. मराठी समीक्षक अशोक राणे आणि श्रीकांत जोशी यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी गोन्साल्विस यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांचा वारसा तरी पूर्णपणे पुसला गेला नाही. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत व्हायोलिनचे थवेच्या थवे उसळतात, तिथे माजोर्ड्याच्या मास्तरांची शिकवण ऐकू येते. जुनी गाणी ऐकताना आपण गायकाला दाद देतो, चालीला दाद देतो. पुढच्या वेळी दोन कडव्यांमधल्या त्या काही क्षणांकडेही कान द्यावा. ते कोणीतरी रात्र जागून, एकेका वाद्यासाठी, हाताने लिहून काढलेले असते. घरातल्या मुलांना ते गाणे लावून द्याल तेव्हा हे नाव कोणाचे, तेही जरूर सांगा.