नाशिकची शेनिन आणि मराठी ताट

महाराष्ट्रातल्या वाईनचा आढावा नारायणगावापासून सुरू करावा लागतो. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच तंत्राची मदत घेऊन फेसाळती वाईन केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती विलायतेत विकली गेली, तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाचं इथल्या भल्याभल्यांना अप्रूप वाटलं होतं. पुढे २००८च्या मंदीनंतर चौगुले यांची कंपनी कर्जात बुडाली. वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि अनेक बागायतदारांनी त्या बागा तोडून पुन्हा खायची द्राक्षं लावली.

मधला काळ सरकारी कागदांचा. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. एवढं पुरे.

खरी गोष्ट नाशिकची. राजीव सामंत यांनी १९९७च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आणली. कौतुक झालं ते सोव्हिन्योंचं. प्रस्तुत लेखकाचा कौल मात्र पहिल्यापासून शेनिनला आहे.

शेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्याची. उन्हातही आंबटपणा टिकवून धरते, हा तिचा मोठा गुण. नाशिकला वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. त्यामुळे घड हिवाळ्यात भरतो आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरतो ते हेच दिवस. दिवसा ऊन आणि रात्री गारठा मिळाला की गोडी वाढते, आंबटपणाही मरत नाही. अशा शेनिनला पेरूचा, पिकल्या पपनसाचा वास येतो, शेवटी जिभेवर मधाची पुसट चव राहते.

‘मराठी जेवणाला वाईन चालत नाही, तिखटापुढे ती मरते,’ असं मुंबईतले काही जाणकार गेली वीस वर्षं लिहीत आले आहेत. त्यांनी तिखटासोबत नेहमी ओकमध्ये मुरवलेली जड लाल वाईन घेतली असावी. तिखटासमोर मद्यार्क आणि तुरटपणा जितका जास्त, तितकी जिभेची आग वाढते. किंचित गोडसर, थंडगार शेनिन हीच आग शमवते. नाशिकच्या मिसळीबरोबर ती घेऊन पाहावी. कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा या तळणाला तिचा आंबटपणा लिंबासारखा लागू पडतो. मसालेभातातल्या गोडा मसाल्याशी तिचं विशेष जमतं. तळलेल्या बोंबलाला सोव्हिन्यों बरी, हे मान्य. फराळातल्या चिवड्याला आणि चकलीला कोरडी फेसाळती वाईन द्यावी.

लाल वाईनला तिची जागा आहेच. अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ची ‘सेत्ते’, निफाडजवळच्या ‘रेव्हेलो’ची सिरा या मन लावून केलेल्या वाईन. सुक्या मटणाला आणि काळ्या मसाल्याला शिराझ शोभते. जयपूरच्या बनी पार्कात जुन्या हवेल्यांची हॉटेलं झाली आहेत. तिथे मथानियाच्या मिरचीतलं लाल मांस पुढ्यात आलं की मराठी प्रवासी भारदस्त परदेशी लाल वाईन मागवतो आणि दुसऱ्या घोटाला पाणी शोधतो. त्या मिरचीसमोर फळाच्या चवीची, हलकी, थोडी गार केलेली नाशिकची शिराझ घ्यावी, किंवा सरळ शेनिन.

गोडाचा नियम एकच: वाईन पदार्थाहून गोड हवी. करंजी, अनारसे, पुरणपोळी यांच्यासमोर कोरडी वाईन आंबट आणि पोकळ लागते. नाशिकला उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन होते, ती यासाठीच. टोरांटो-मिसिसागातल्या मराठी घरांना याहून गोड पर्याय हाताशी आहे: नायगाराची आइसवाईन. वेलीवरच गोठलेली द्राक्षं उणे ८ अंश किंवा त्याखालच्या थंडीत तोडून लगेच पिळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि दाट, गोड, तरी आंबट रस निघतो. पुरणपोळीबरोबर तिचा छोटा पेला पुरतो.

कॅनडाकडून नाशिकने शिकावं असं बरंच आहे. १९८८ साली अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारामुळे तिथल्या सुमार वाईनचं संरक्षण जाणार हे दिसताच ओंटारिओत जुन्या अमेरिकी जातींच्या वेली उपटून युरोपीय जाती लावल्या गेल्या. त्याच वर्षी व्हीक्यूए ही प्रमाणपद्धत आली: द्राक्षं त्याच प्रांताची हवीत आणि वाईन चाखणाऱ्यांच्या कसोटीला उतरली पाहिजे. १९९१ साली ‘इनिस्किलिन’च्या १९८९च्या विदाल आइसवाईनला बोर्दोच्या व्हिनएक्स्पोत सर्वोच्च मान मिळाला. चिमुकल्या नोव्हा स्कोशियाने तर २०१२ साली अनेक वायनरींची मिळून ‘टायडल बे’ ही एकच पांढरी शैली ठरवली. ती समुद्री मासळीला साजेशी असते, आणि चाखणीत पास झाल्याशिवाय कोणालाही ते नाव लावता येत नाही.

नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण अशी चाखणीची कसोटी नाही. आज चाखणीच्या दालनांत संगीत मोठं आणि माहिती थोडी. ज्यांनी बागायतदाराबरोबर उभं राहून रस चाखला, ती पिढी मागे सरली. दुकानांत पांढरी वाईन उन्हात उभी असते. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाद फक्त व्यसनाचा झाला. द्राक्षाची जात, बाग, वर्ष याबद्दल विधानभवनातही कोणी विचारलं नाही, आणि तो निर्णय अमलात न येता तसाच राहिला.

तेव्हा मागणी साधी आहे. नाशिकच्या वायनरींनी एकत्र बसून ‘नाशिक शेनिन’ची शैली ठरवावी: पूर्ण नाशिकची द्राक्षं, बाटलीवर तोडणीचं वर्ष, आणि स्वतंत्र मंडळाची चाखणी. त्या मंडळाच्या टेबलावर चीज आणि बिस्किटांच्या जोडीला मसालेभाताची वाटी आणि मिसळीचा कटही ठेवावा. नव्या ग्राहकानेही थोडं करावं: वर्ष वाचून दोन वर्षांच्या आतली शेनिन घ्यावी, ती आठ ते दहा अंशांपर्यंत गार करावी, आणि दुकानदाराला बाग कुठली ते विचारावं.