मैदानाला छत नसलेल्या देशाचा संघ

२० जुलै २०२४ रोजी लंडनच्या ओटू अरीनात अमेरिकेचा बास्केटबॉल संघ एका गुणानं वाचला. लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी अशी मंडळी त्यात होती. समोर होता दक्षिण सुदान, ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झालेला देश. एका टप्प्यावर या पाहुण्यांनी सोळा गुणांची आघाडी घेतली होती. आठ सेकंद उरली असताना लेब्रॉननं बास्केट केलं आणि निकाल १०१–१०० लागला. सामना सरावाचा होता, पण आठ दिवसांनी, २८ जुलैला, याच संघानं ऑलिंपिकमधला आपला पहिला सामना पोर्तो रिकोविरुद्ध ९०–७९ असा जिंकला. त्या दिवशी संयोजकांनी आधी भलतंच राष्ट्रगीत वाजवलं. ते सुदानचं होतं, म्हणजे ज्या देशातून वेगळं होण्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ लढाई झाली, नेमकं त्याच देशाचं.

ही गोष्ट आपल्याकडे कर्जतमध्ये कुणाला सांगितली, की बहुतेक एकच उत्तर मिळतं: ‘ती माणसं उंचच असतात हो.’ हे उत्तर अर्धवट आहे आणि आपल्याला फार सोयीचं आहे, म्हणून ते आधी तपासू. नाईलकाठचे डिंका आणि नुएर हे गुराखी समाज जगातल्या सर्वांत उंच समाजांत मोडतात, हे खरं. १९५३-५४ साली डिंका पुरुषांच्या काही गटांची मोजणी झाली, तेव्हा सरासरी १८१ सेंटिमीटरच्या पुढे भरली. १९९५ साली इथिओपियात आसरा घेतलेल्या डिंका पुरुषांची मोजणी झाली, तेव्हा ती १७६च्या आसपास उतरली. रक्त तेच होतं. मधल्या काळात युद्ध आलं, गुरं गेली, दूध आटलं, मुलं उपाशीपोटी मैलोन् मैल चालली. पाच सेंटिमीटरचा हा फरक मला त्या युद्धाचा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

ही उंची पहिल्यांदा जगानं पाहिली ती मनूट बोलच्या रूपानं. सात फूट सात इंच उंचीचा, काठीसारखा सडसडीत, गुरं राखत वाढलेला तुरालेईचा डिंका तरुण. डॉन फीली हे अमेरिकन प्रशिक्षक १९८२मध्ये खार्तुमला आले होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि अमेरिकेची वाट दाखवली. १९८५मध्ये वॉशिंग्टन बुलेट्सनं त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्यानं ३९७ फटके अडवले. पदार्पणाच्या हंगामातला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. कारकिर्दीत त्यानं १,५९९ गुण केले आणि २,०८६ फटके अडवले. केलेल्या गुणांपेक्षा अडवलेले फटके जास्त, असा एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला तो एकटाच. पण बोलचं मोठेपण मला या आकड्यांत दिसत नाही. कमावलेला पैसा त्यानं दक्षिणेच्या निर्वासितांवर आणि तिथल्या चळवळीवर ओतला. पुढे हात रिकामे झाले, तेव्हा मदतीचा पैसा उभा करण्यासाठी २००२मध्ये तो टीव्हीवरच्या मुष्टियुद्धातही उतरला. लोक हसले, पण त्यामुळे त्याचं काम थांबलं नाही. गावाकडे शाळा बांधण्याच्या खटपटीत असतानाच जून २०१०मध्ये, ४७व्या वर्षी, तो गेला. स्वतंत्र देश पाहायला तो उरला नाही.

बोलनं मागे ठेवलेली सर्वांत मोठी ठेव म्हणजे लुओल डेंग. वाऊमध्ये जन्मलेला हा मुलगा सुदान सरकारातल्या एका मंत्र्याचा. वडील अडचणीत आले आणि घरातली मुलं इजिप्तला निघून गेली. तिथे या भावंडांना बास्केटबॉल शिकवला मनूट बोलनंच. पुढे लंडनमध्ये आश्रय, चौदाव्या वर्षी अमेरिकेतली शाळा, ड्यूक विद्यापीठ, २००४मध्ये सातव्या क्रमांकावर निवड, शिकागो बुल्सकडून दोनदा ऑल-स्टार. २०१२च्या ऑलिंपिकला तो ब्रिटनकडून खेळला. निवृत्तीनंतर त्यानं दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचं अध्यक्षपद घेतलं आणि स्वतःच्या खिशाला हात घातला. विमानाची तिकिटं, हॉटेलं, भाड्याच्या व्यायामशाळा, सगळं तो भरत राहिला, कारण देशात छताखालचं मैदानच नव्हतं. पाऊस आला की सराव बंद. पावसाचा हा हिशेब कर्जत-खालापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

संघ कुठून आला, हेही पाहण्यासारखं आहे. १९८३ ते २००५ या काळातल्या यादवीत सुमारे वीस लाख माणसं गेली आणि लाखो देशोधडीला लागली. त्यांची मुलं केनियातल्या काकुमा छावणीत, युगांडात, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत वाढली. सिडनीच्या ब्लॅकटाऊन भागात मेयर चगाई या निर्वासितानंच ‘सव्हाना प्राइड’ नावाचा क्लब उभा केला. शाळेत जाणाऱ्यालाच तिथे चेंडू मिळायचा. थॉन मेकर हा वाऊचा मुलगा ऑस्ट्रेलियामार्गे २०१६मध्ये मिलवॉकी बक्सकडे गेला. खार्तुममध्ये जन्मलेला वेनयेन गॅब्रिएल न्यू हॅम्पशायरमध्ये वाढला. मनूटचा मुलगा बोल बोल हाही एनबीएपर्यंत पोचला. डेंगनं अशी पांगलेली पोरं एकेक करून गोळा केली, रॉयल आयव्ही या प्रशिक्षकाच्या हाती दिली आणि २०२३च्या विश्वचषकात चीन, फिलिपिन्स व अंगोलाला हरवून हा संघ आफ्रिकेतला सर्वोत्तम म्हणून ऑलिंपिकला पात्र ठरला.

या सगळ्यांत माझं मन गुंतलं आहे ते खमान मलुआचमध्ये. जन्म २००६चा, रुंबेकचा, बालपण युगांडात. २०१९मध्ये पहिल्यांदा बास्केटबॉल खेळायला गेला, तेव्हा पायाला येतील असे बूट नव्हते, म्हणून रबरी क्रॉक्स घालून उतरला. नंतर सेनेगलमधली एनबीए अकादमी, सोळाव्या वर्षी विश्वचषक, सतराव्या वर्षी ऑलिंपिक, एक वर्ष ड्यूक, आणि जून २०२५मध्ये दहाव्या क्रमांकावर निवड होऊन फिनिक्स सन्स. क्रॉक्सपासून फिनिक्सपर्यंत सहा वर्षं. ती अकादमी आणि डेंगचा संघ या दोन पायऱ्या मधे नसत्या, तर सात फुटांचा हा मुलगा कंपालाच्या गल्लीत ‘केवढा उंच’ म्हणून दाखवण्यापुरता उरला असता.

एनबीएची अकादमी २०१७ सालीच आपल्याकडे, ग्रेटर नोएडातही निघाली होती. त्याआधी, २०१५मध्ये, पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग निवडला गेला होता. भारतात जन्मलेला तो पहिलाच. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले आणि पहिला तर खास शाळकरी मुलांसाठी होता. सुदानशी आपली ओळखही जुनी आहे. १९५३ची तिथली पहिली संसदीय निवडणूक आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली. दक्षिण सुदानातल्या शांतिसेनेचं नेतृत्व २०१९ ते २०२२ लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांनी केलं. आणि सुदानी विद्यार्थी पुण्यात कित्येक वर्षं शिकत आले आहेत.

पण माझा प्रश्न कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांचा आहे. इथला खेळ कबड्डी. भात झोडून झालं की शेत सपाट होतं, पाणी मारून रोलर फिरतो, फक्कीच्या रेषा पडतात, बांबूवर हॅलोजन चढतो आणि कशेळे-कडावपासून चौक-वावोशीपर्यंत रात्री जागतात. चढाईला जाणाऱ्याचं नाव माईकवर तीनदा घेतलं जातं. चंदगडजवळच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९च्या प्रो कबड्डी लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला, तेव्हापासून गावोगावच्या मंडळांना वाट दिसते आहे.

नेमक्या याच महिन्यांत आपल्या वाड्या रिकाम्या होतात. दसरा-दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघतात, पोरंही बरोबर जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. म्हणजे कबड्डीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा डोंगर चढून-उतरून पाय कसलेली ही मुलं मैदानापासून शंभर कोस लांब विटा उचलत असतात. त्यात कर्जतमधल्या कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. डिंकांची पाच सेंटिमीटर जशी गेली, तशी आपल्या वाड्यांतली किती गेली असतील, या विचारानं मी अस्वस्थ होतो.

चांगल्या मंडळांकडे पैसा आहे. चषक मोठे झालेत, पाहुण्यांच्या सत्काराला शालींचे गठ्ठे येतात, फार्महाऊसवाले देणगीही देतात. त्या पैशातला एक वाटा हंगामी वसतिगृहांकडे वळवता येईल. आई-बाप भट्टीवर गेले तरी मूल शाळेजवळ राहावं, म्हणून ही सोय आहे. ती जिथे नाही तिथे मागून घ्यावी लागेल. नोव्हेंबर ते मे रोज एक अंडं, शेंगदाण्याचा लाडू आणि संध्याकाळी दोन तास शिकवणारा एखादा जुना चढाईपटू, एवढा खर्च एका मोठ्या चषकाच्या मांडवात निघतो. या दिवाळीनंतरच्या हंगामासाठी निदान एका मंडळानं एका वाडीची जबाबदारी घ्यावी. कुणी पुढे येणार असेल, तर वाड्यांतल्या मुलांची यादी आश्रमशाळांच्या शिक्षकांकडे तयार मिळेल.