पहिला नंबर कोणाचा?

बुधवारची रात्र, आठाचा सुमार. रेडिओभोवती घरची नि शेजारची मंडळी जमलेली, आणि लघुलहरींच्या खरखरीतून रेडिओ सिलोनवरचा अमीन सयानींचा आवाज येतो आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, 'बिनाका गीतमाले'चे हे चित्र तो डोळे मिटून उभे करील. कोणते गाणे कितव्या 'पायदान'वर येणार यावर चहाच्या पैजा लागत. पैज हरणारा चडफडे, जिंकणारा मिशीत हसे. पण हा नंबर ठरवला कोणी आणि कशावरून, हे विचारणारा त्या गर्दीत एखादाच असे. आज आपण त्या एखाद्याच्या शेजारी जाऊन बसू.

गाण्यांची क्रमवारी लावायची म्हणजे काहीतरी मोजायला हवे. मोजण्यासारख्या गोष्टी मुख्यतः तीन. गाण्याच्या तबकड्या दुकानात किती खपल्या, ही एक. ते गाणे रेडिओवर किती वेळा वाजले, ही दुसरी. आणि लोकांनी पत्रे लिहून किंवा मते देऊन काय मागितले, ही तिसरी. तुम्ही म्हणाल, लोकप्रिय गाणे तिन्हीकडे पुढेच असणार. मग फरक कसला? फरक आहे, आणि बराच आहे. गणितात पहिला येणारा मुलगा मराठीतही पहिला येतोच असे नाही, हे आम्हा मास्तरांना चांगले ठाऊक असते.

गीतमालेचेच पाहा. १९५२ च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हा सात गाणी वाजवीत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखून कळवायचा, अशी ती स्पर्धा होती. पत्रांचा एवढा पाऊस पडला की सांभाळणे कठीण झाले. पुढे तिचे खऱ्या क्रमवारीत रूपांतर झाले, तेव्हा तबकड्यांच्या दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांचा आधार घेतला गेला. म्हणजे रेडिओवरून ऐकू येणारी ही यादी रेडिओवर काय वाजते यावरून तयार होतच नव्हती! खप आणि पसंती हा तिचा पाया होता.

अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचे नियतकालिक आहे. १९५७ पर्यंत ते तीन निरनिराळ्या याद्या छापी: दुकानांत सर्वाधिक खपलेली गाणी, रेडिओच्या निवेदकांनी सर्वाधिक वाजवलेली गाणी आणि हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून सर्वाधिक ऐकलेली गाणी. एकाच आठवड्यात तीन याद्यांत तीन वेगळी गाणी पहिली येऊ शकत, आणि तिन्ही याद्या खऱ्या असत. खिशातून पैसे काढून तबकडी घरी नेणारा, हॉटेलात बसून नाणे टाकणारा आणि रेडिओ लावून भाजी चिरणारी गृहिणी ही एकच माणसे नव्हेत. ऑगस्ट १९५८ मध्ये बिलबोर्डने 'हॉट १००' ही एकत्रित यादी काढली. सोय झाली, पण कशाला किती वजन द्यायचे हे आता यादी करणारा ठरवू लागला.

आता नुसत्या रेडिओवरच्या वाजवण्याकडे वळू. जुन्या काळी ते मोजण्याची रीत साधी होती. ठरावीक केंद्रांकडून टेलिफोनवर किंवा टपालाने विचारून घ्यायचे की या आठवड्यात कोणती गाणी जास्त वाजवली. सांगणारा सांगेल ते खरे! त्याची आठवण, त्याची आवड आणि त्याच्यावर आलेले दडपण, सगळेच त्या आकड्यांत उतरे. काही निवेदक पैसे घेऊन गाणी वाजवतात असा बोभाटा १९५९ मध्ये अमेरिकेत झाला, त्यावर काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली आणि १९६० मध्ये, श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणे हा कायद्याने गुन्हा ठरला. पैसे घेऊन शंभर वेळा वाजवलेले गाणेही मोजणाऱ्याच्या वहीत शंभर वेळाच पडते. का वाजवले, हे वही विचारत नाही.

१९९१ च्या नोव्हेंबरपासून 'हॉट १००' साठी माणसाच्या तोंडच्या माहितीऐवजी यंत्राची नोंद आली. प्रत्येक गाण्यातल्या नादाच्या चढउताराचा एक ठसा आधी यंत्रात साठवून ठेवायचा. जणू माणसाच्या अंगठ्याचा ठसाच. मग ठिकठिकाणची यंत्रे केंद्रांचे प्रक्षेपण रात्रंदिवस ऐकत बसतात. ठसा जुळला की केंद्र, तारीख आणि वेळ यांची नोंद होते. त्याच वर्षी दुकानांतली विक्रीही गल्ल्यावरच्या यंत्रातून मोजली जाऊ लागली, आणि अल्बमांच्या यादीत ग्रामीण वळणाचे 'कंट्री' संगीत आणि रॅप एकाएकी वर चढले. लोकांची आवड एका रात्रीत पालटली नव्हती. आधी जे मोजणीतून निसटत होते, ते आता मोजले जाऊ लागले एवढेच.

यंत्र आले म्हणजे वाद मिटला असे मात्र नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिले गाणे दहा छोट्या केंद्रांनी आठवड्यात प्रत्येकी चाळीस वेळा वाजवले. एकूण वादने चारशे. दुसरे गाणे तीन मोठ्या शहरी केंद्रांनी प्रत्येकी पन्नास वेळा वाजवले, एकूण दीडशे. वादने मोजली तर पहिले गाणे पुढे. पण छोट्या केंद्राला एका वेळी पाच हजार आणि मोठ्याला चाळीस हजार माणसे ऐकतात असे धरा. मग पहिल्याचे ऐकणे झाले वीस लाख, दुसऱ्याचे साठ लाख. क्रम उलटा झाला! दोन्ही पद्धती रूढ आहेत. त्यातून पहाटे तीनला वाजलेले आणि सकाळी आठला वाजलेले गाणे वादनांच्या यादीत सारखेच, श्रोत्यांच्या यादीत मात्र नव्हे. आणि श्रोत्यांचा आकडा शेवटी थोड्या माणसांना विचारून बांधलेला अंदाज असतो, हेही ध्यानात असू द्या.

दोन याद्यांची तुलना करताना काय घोटाळा होतो, त्याचा खराखुरा नमुना म्हणजे 'नो डाउट' या अमेरिकन वाद्यवृंदाचे 'डोन्ट स्पीक' हे गाणे. १९९६ च्या अखेरीपासून ते अमेरिकेच्या रेडिओ-वादनाच्या यादीत सलग सोळा आठवडे पहिले होते. आणि मुख्य 'हॉट १००' यादीत? कुठेच नाही! कारण, जे गाणे सुटे विकायला काढलेले नाही त्याला त्या यादीत प्रवेशच नव्हता, आणि हे गाणे अमेरिकेत सुटे विकलेच नाही. ब्रिटनमध्ये ते सुटे विकले. तिथली यादी निव्वळ खपावर चाले. तिथे १९९७ च्या फेब्रुवारीत ते पहिले आले. गाणे एक, यादीगणिक नशीब वेगळे. १९९८ च्या डिसेंबरात बिलबोर्डने तो नियम बदलला. म्हणून त्याआधीची आणि नंतरची 'हॉट १००' नावाने एक असली, तरी मोजमापाने एक नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. रेडिओवरचे वादन मोजले म्हणजे नेमके काय मोजले? श्रोत्याची आवड? छे. केंद्राने काय वाजवायचे ठरवले, ते मोजले. याचा दाखला आपल्या घरातच आहे. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारच थोडी जागा उरली होती. त्या काळात कोणी आकाशवाणीवरचे वादन मोजून यादी केली असती, तर भारतीयांना चित्रपटगीते नकोशी झाली आहेत असे तिने बिनचूक आकड्यांनिशी सांगितले असते. आणि त्याच वेळी घराघरातले काटे सिलोनकडे वळत होते! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. आकडा खोटा नसताही निष्कर्ष खोटा निघतो, तो असा.

म्हणून एखादी यादी हाती आली की चार प्रश्न विचारा. काय मोजले: खप, वादन की मते? कोणाकडे मोजले: किती केंद्रे, कोणत्या गावची, कोणत्या भाषेची? एकेका नोंदीला वजन किती? आणि यादीत शिरण्याचे व बाहेर पडण्याचे नियम काय? या चारांची उत्तरे दोन याद्यांत जुळली, तरच 'इथे पहिले, तिथे पाचवे' या बोलण्याला अर्थ. नाही तर ती शेर आणि फूट यांची बेरीज.

हे सारे नुसत्या करमणुकीपुरते असते तर एवढा खल केला नसता. पण यादीत जे वर, तेच केंद्रे पुन्हा वाजवतात. जे वाजते तेच कानांवर बसते. आणि कानांवर बसते तेच पुढल्या यादीत वर येते. ज्या केंद्रांवर यंत्राचा कान नाही तिथली गाणी, मग ती जात्यावरची ओवी असो की एखाद्या तालुक्यातल्या शाहिराचा पोवाडा, या चक्रात शिरतच नाहीत. ती कोणाला नको आहेत म्हणून नव्हे, तर ती मोजायला कोणी गेले नाही म्हणून.

तेव्हा तुमचे आवडते गाणे एखाद्या यादीत नसले तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या केंद्राला एक पत्र टाका. मोजणाऱ्याला तुमचे मत कळण्याचा तो सर्वांत जुना मार्ग आहे, आणि गीतमालेची सुरुवातही पत्रांनीच झाली होती.