पानं थोडी कुरतडली जाऊ द्या

कढीपत्त्याचं कोवळं पान अर्धं गायब दिसलं की आपला हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. त्याआधी फांदीकडे जरा निरखून बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल, आणि ती शीटच पान खात असेल. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. शीट कोण खाणार? म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं. मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते, खात्री पटली तरच अंडं घालते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते. फुलपाखरू हवं आणि अळी नको, असा सौदा होत नाही.

चिमण्यांचंही तेच. त्यांच्यासाठी बाल्कनीत हौसेने बाजरी ठेवतो, पण त्यांची पिल्लं सुरुवातीला दाण्यांवर नव्हे, किडे-अळ्यांवर पोसली जातात. अळ्या मारून बाजरी ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

खरी गंमत जास्वंदीवर. कळ्यांच्या देठांशी मावा दाटीने बसलेला असतो आणि त्याच्याभोवती मुंग्यांची लगबग चाललेली असते. मावा झाडाचा रस शोषतो, जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. मुंग्या मिशांनी त्याला थोपटतात आणि थेंब पितात. गवळ्याने गाई राखाव्यात तशा त्या मावा राखतात. तो खायला ढालकिडा आला तर त्याला हुसकावून लावतात. म्हणूनच मुंग्यांची वाट आधी अडवावी, मावा आपोआप उघडा पडतो. ढालकिड्याची अळी मात्र मोठ्या ढालकिड्यासारखी गोंडस नसते. काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची ही अळी बघून तीच कीड समजून चिरडणारे पुष्कळ आहेत. बागेतला सर्वांत कामाचा गडी आपण असा आपल्याच हाताने मारतो.

किड्यानेच कीड आवरण्याचा प्रकार शेतातही घडतो. २००८ मध्ये कोइमतूर भागात पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे महाराष्ट्रापर्यंत पसरला. अंगावरच्या मेणचट पांढऱ्या थरामुळे औषधं त्याला नीट लागत नव्हती. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून इवल्याशा गांधीलमाश्या आणून सोडल्या. त्या ढेकणाच्या अंगातच अंडी घालतात आणि बाहेर येणारी अळी त्याला आतून पोखरते. कीड आटोक्यात आली ती त्यांच्यामुळे.

कीड आवरण्यापलीकडे परागीभवनाचं कामही किडेच करतात. वांग्याच्या फुलात परागकण नळीसारख्या पिवळ्या पुंकेसरांत कोंडलेले असतात. टोकाला फक्त बारीक छिद्र. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते भुरभुरतात. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. भुंग्याला घर लागतं सुक्या लाकडात किंवा बांबूत, म्हणून कोपऱ्यातला जुना वासा फेकू नका.

मावा दिसला तर पहिले आठ दिवस नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. एवढ्यानं भागलं नाही आणि औषध मारावंच लागलं, तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर मारा. उमललेल्या फुलांवर मात्र मुळीच नको.